मदत हवी आहे: गजबजलेल्या वसाहतीत पक्ष्यांचं वागणं कसं टिपायचं?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये लेकीकडे लीड्सला जातोय. तिथून यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर बेंप्टनचे कडे गाठता येतात. खडूच्या दगडाचे, साधारण १०० मीटर उंच, आणि त्यांवर गॅनेट, किटिवेक, गिलेमॉट, थोडे पफिन असे समुद्रपक्षी. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरची गॅनेटची सर्वांत मोठी वसाहत हीच. बाकीच्या बहुतेक वसाहती बेटांवर, म्हणजे समुद्र खवळला की बोट रद्द. इथे कड्याच्या माथ्यावर कठड्यामागे उभं राहून फोटो काढता येतात.

माझा हात बसलाय तो नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर. चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी लांब, त्यामुळे तिथली रड अंतराची. गर्दी काय असते ते घराजवळच्या चिंचेवर कळलं. पावसाळ्यात तिथे गायबगळ्यांचं सारंगागार (घरट्यांची वसाहत) भरतं. एक जण काडी घेऊन येतो, जोडीदार ती चोचीत घेतो, दोघं पिसं फुलवतात, की संपलं. फोटोत येतं काय? शेजाऱ्याचं ढुंगण, मधली फांदी आणि तिसऱ्याच बगळ्याच्या डोळ्यावर बसलेला फोकस!

गॅनेटची घरटी तर एकमेकांपासून जेमतेम चोच पोचणार नाही एवढ्याच अंतरावर. परतलेला पक्षी आणि घरट्यावरचा जोडीदार छातीला छाती लावून चोचींची तलवारबाजी करतात, मला हवी आहे ती हीच. निघणारा पक्षी आधी चोच सरळ आभाळाकडे करतो, त्यामुळे त्याची वर्दी मिळते. येणाऱ्याची कशी ओळखायची? एकच घरटं धरून बसू, की फिरत राहू? उडत्या पक्ष्यांचे फोटो सगळेच काढतात, त्यात मला फारसा रस नाही.

क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरची कॅमेरा बॉडी आणि १५०-६०० मिमी झूम लेन्स आहे. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ठेवलं तर जोडीतले दोघंही शार्प येतील, पण मागची गर्दीही ठसठशीत दिसेल. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं तर एकाची चोच फोकसबाहेर जाईल. तुम्ही काय करता? डोळा पकडणारा ऑटोफोकस अशा ठिकाणी बंद ठेवून एकच पॉइंट वापरावा का? शिवाय पांढरी पिसं, काळी पंखटोकं, पिवळसर डोकं आणि खाली चकाकणारा समुद्र. उन्हात एक्स्पोजर किती खाली आणू? बगळ्यांची पिसं माझ्याकडून हमखास जळतात.

टाळ्या वाजवून पक्षी उठवायचे सल्ले कृपया नकोत. चिंचेखाली एकाने तसं केलं आणि कावळ्याने तेवढ्यात अंडं उचललं.

शेवटचं, कड्यावरच्या वाऱ्यात मोनोपॉड (एकपायी स्टँड) पुरतो, की ट्रायपॉड न्यावाच लागेल? बॅगेचं वजन बायको ठरवणार आहे, त्यामुळे हे उत्तर जरा लवकर मिळालं तर बरं.