अब्बांना व्हिजिट व्हिसावर हजला पाठवू का?

शबाना_जुनं_नाशिक
अब्बा ६८ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही. हज कमिटीच्या सोडतीत नंबर लागला नाही. आता ओळखीतला एक एजंट रोज चहाला येऊन बसतो. व्हिजिट व्हिसा काढू, महिनाभर आधी मक्केत पोचवू, पैसे निम्मे, पुढचं सगळं माझ्यावर. अब्बांचा जीव त्यात अडकलाय. ‘माझ्या हातात आणखी किती वर्षं आहेत?’ म्हणतात, मग मला बोलता येत नाही. पण गेल्या एप्रिलमध्ये भद्रकालीतून भाजी घेऊन येताना चक्कर आली नि अनोळखी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले होते. तिथलं ऊन झेपेल का? कुणी जाऊन आलंय?

नासिर_वडाळा
ताई, २०२४ ला अम्मीला घेऊन गेलो होतो, कमिटीतर्फे. १७ जूनला मक्केत ५१.८ अंश नोंदवलं गेलं, तेव्हा आम्ही मिनात, मक्केजवळच्या हाजींच्या तंबूनगरात. टॉवेल भिजवून मानेवर टाकला, बाटलीचं झाकण लावून होईतो त्याच्या कडा वाळलेल्या.

आमच्याकडे निदान तंबू होता, कूलर होता. एजंटबरोबर व्हिजिट व्हिसावर आलेल्यांना ना तंबू, ना बस. पुलाच्या सावलीत चटई टाकून माणसं पडलेली मी पाहिली. त्या साली १३०० वर लोक दगावले आणि सौदी सरकारच्याच आकड्यानुसार त्यातले ८३ टक्के विनापरवाना आलेले होते. ऊन सगळ्यांना सारखंच होतं हो, सावली तेवढी कार्डावर मिळत होती. म्हणून एजंटला नाही म्हणा.

परवान्यावर जाल तेव्हाचं सांगतो. जिल्हेजच्या अकरा-बारा तारखेची रमी, म्हणजे सैतानाच्या खांबांना खडे मारणं, जवालनंतर, म्हणजे ऐन दुपारी सुरू होते आणि सगळे तेव्हाच निघतात. आम्ही मगरिबनंतर, दिवस मावळल्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी अम्मीचे पाय सुजले, तर तिच्या वतीने खडे मी मारले. आजारी माणसाला ही सवलत आहे, मौलानांना विचारून घ्या. पुरुषांना एहराममध्ये, म्हणजे हजच्या बिनशिवल्या कपड्यांत असताना, टोपी चालत नाही, छत्री चालते. आमच्या तंबूतले एक चाचा ‘छत्री बायकी दिसते’ म्हणून नको म्हणायचे. अराफातच्या मैदानातल्या दुपारी त्यांनीच माझी मागून नेली, परत काही दिली नाही!

सिस्टर_द्वारका
बीपीच्या गोळ्यांत पाण्याची गोळी असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा, तिने अंगातलं पाणी आणखी उतरतं. इन्सुलिन उन्हात बिघडतं, थंड पाऊच लागेल. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापून कातडी कोरडी पडली, तर ‘जरा पडू द्या’ म्हणू नका. तो उष्माघात. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, तेवढ्यात कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

पंचवटीकर
हजचं मला कळत नाही, गर्दीचं कळतं. २७ ऑगस्ट २००३ ला कुंभमेळ्यात सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, मी वरच्या अंगाला होतो. पाय जमिनीला टेकतच नव्हते. आवाज नाही, कुणाला ओरडायला श्वासच नव्हता. २०१५ ला मिनात दोन रस्ते मिळतात तिथे असंच झालं ना? वडिलांना एवढंच सांगा: चप्पल सुटली तर सुटू द्यायची, वाकायचं नाही. हात छातीसमोर, उलटं फिरायचं नाही, रेट्याबरोबर जात जात तिरकं कडेला सरकायचं.

शबाना_जुनं_नाशिक
सगळं अब्बांना वाचून दाखवलं. चपलेपाशी थांबवून परत वाचायला लावलं. संध्याकाळी एजंट आला तेव्हा त्यांनी स्वतःच विचारलं, ‘मिनात माझा तंबू नंबर कोणता?’ अर्धा चहा ठेवून गेला तो. अब्बा जेवले नाहीत रात्री. सकाळी मात्र माळ्यावरची जुनी छत्री काढायला लावली, दोन काड्या मोडल्यात. नासिरभाई, पुढच्या सोडतीचा फॉर्म मोबाईलवरून भरता येतो ना?