घरशाळेतली दिवाळी : तुमच्याकडे काय काय चालतं?

धागाकर्ती, पुणे

सहामाही परीक्षा संपली की आमच्या सोसायटीतली मुलं एका संध्याकाळी सगळीच्या सगळी खाली उतरतात. एरवी दुपारी खेळायला कुणी नसतं, आता सकाळपासून दारात हाका सुरू होतात. त्या दिवसापासून आमच्याकडे पुस्तकी अभ्यास बंद. पण खरं सांगायचं तर दिवाळीची आमची लगबग त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. शाळेतली मुलं परीक्षेत अडकलेली असतात, त्यामुळे कंदील, फराळ, किल्ला यांत त्यांचा हात लागतो तो अगदी शेवटी. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या हाताशी मात्र कोजागरीपासूनचा सगळा वेळ असतो. मला घरशाळेचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं, की सणाची जी कामं सावकाश होतात ती आपली मुलं सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू शकतात. या वेळेत तुम्ही काय करता, हे ऐकायला हा धागा काढला आहे.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे चंद्राची वही असते. कोजागरीला दोघी मुली पूर्ण चंद्राचं चित्र काढतात. मग चंद्र रोज उशिरा उगवतो, झोपायच्या वेळेच्या पलीकडे जातो आणि निरीक्षण पहाटेवर ढकललं जातं. नरक चतुर्दशीला पंचांगात अभ्यंगस्नानासाठी चंद्रोदयाची वेळ का दिलेली असते, हे थोरलीला गच्चीवर उभं राहून कळलं. सूर्य उगवायच्या तासभर आधी पूर्वेला अगदी बारीक कोर वर आली आणि थोड्याच वेळात उजेडात विरून गेली. अमावस्येचं पान कोरं राहतं. भाऊबीजेला कोर संध्याकाळी पश्चिमेला, तीही थोडाच वेळ. माझी आई भावाला ओवाळण्याआधी चंद्राला ओवाळते. आता तबक घेऊन मुली पुढे असतात, कारण कोर नेमकी कुठे शोधायची ते त्यांना माहीत असतं.

किल्लेवाला बाबा, सातारा

मस्त धागा. आमचं घर म्हणजे किल्ला, बाकी सगळं त्याच्यानंतर.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले. ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मुलाने ती यादी भिंतीवर चिकटवली आणि जाहीर केलं की दर दिवाळीला यातला एक करायचा. तो दहा वर्षांचा आहे. शेवटच्या किल्ल्याच्या वेळी एकविशीत असेल, पण त्याची त्याला काहीच अडचण वाटत नाही.

पहिला मान राजगडाचा. शाळा भरलेल्या असताना, आठवड्याच्या मधल्या वारी, पाली दरवाजाने वर गेलो. गडावर गर्दी नव्हती, त्यामुळे त्याला हवं तितका वेळ थांबता आलं. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, मधोमध बालेकिल्ला, हे कागदावर आधी काढलेलं होतंच. संजीवनी माचीला तटाच्या आत तट आहे, दोन्हींच्या मधून माणूस चालू शकतो. तिथे तो किती तरी वेळ पावलं मोजत फिरत होता.

घरी आल्यावर खरी कसोटी त्या दुहेरी तटाचीच लागली. दोन भिंती एकदम उभ्या केल्या की ओली माती मधल्या फटीत बसायची. मग त्याने आतली भिंत आधी घातली, ती पूर्ण वाळू दिली आणि नंतरच बाहेरची चढवली. माती चाळलेली लाल, आत विटांचे तुकडे आणि गोणपाट. गवतासाठी आम्ही मोहरीऐवजी हळीव पेरतो. मोहरी उतारावरून घरंगळून खाली जमते. हळीव पाणी लागलं की बुळबुळीत होतात आणि जिथे टाकले तिथेच मातीला धरून राहतात, म्हणून कड्यावरसुद्धा हिरवळ येते. हे आमच्या शेजारच्या काकांनी शिकवलं.

सुट्टी लागल्यावर गल्लीतली पोरं आली आणि महाराजांचं सिंहासन कुठे ठेवायचं यावर जोरदार वाद झाला. मुलाचं म्हणणं, राज्याभिषेक १६७४ मध्ये रायगडावर झाला, मग राजगडावर सिंहासन कसं? बाकीच्यांचं म्हणणं, महाराजांशिवाय किल्ला हा किल्लाच नाही. शेवटी महाराज घोड्यावर बसून गड चढताना दाखवले. सगळे खूश.

आठव्या मजल्यावरची आई, ठाणे

अंगण नाही, माती नाही. आमचा सण आकाशकंदिलाचा. लेक बांबूच्या कामट्या तासण्यापासून सगळं करते. खळ शिजवून घेते, पतंगी कागद चिकटवते, खाली करंज्या आणि झिरमिळ्या. कामट्या सारख्या मापाच्या नसतील तर कंदील टांगल्यावर एका बाजूला कलतो, त्यामुळे मोजपट्टी आणि तोलून बघणं चालूच असतं. मजल्यावरच्या ज्या आजी-आजोबांची मुलं परगावी आहेत, त्यांच्या दारात तिचे कंदील लागतात. ते तिला आधीच रंग सांगून ठेवतात.

संपादिका, वय १७, कोल्हापूर

मी आई नाही, घरशाळेतली मुलगी आहे. दुसरीनंतर शाळेत गेले नाही. लिहिलं तर चालेल ना?

आमच्या घरी हस्तलिखित दिवाळी अंक निघतो. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही रीत रुजली, हे आजोबांनी सांगितलं तेव्हा मी लहान होते आणि आपल्या घराचाही अंक हवा असा हट्ट धरला. तेव्हापासून चालू आहे. एकच प्रत. फुलस्केप कागद, दाभणाने भोकं पाडून सुतळीने शिवलेले. वसुबारसेला अंक तयार हवा म्हणजे हवा.

नवरात्र संपलं की सगळ्या नातेवाइकांना पत्रं जातात. पोस्टकार्डं, मेसेज नाही. आत्या प्रवासवर्णन देते, मावशी पाककृती, धाकटा चुलतभाऊ कोडी. आजोबा लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ तपासतात. काकांची कविता मी एकदा परत पाठवली होती, त्यात शेवटच्या दोन कडव्यांत तेच तेच आलं होतं. काकांनी ती खरंच सुधारून दिली. मोठ्या माणसाला असं सांगायचं कसं, यावर मी आणि आई आदल्या रात्री खूप बोललो होतो. पत्राचे तीन मसुदे अजून माझ्या फाइलमध्ये आहेत.

जाहिरातीही असतात, पण घरातल्याच: आत्याचं शिवणकाम, आजीच्या रोपवाटिकेतली शेवंती. मागची पानं कोरी ठेवतो. अंक एका घरातून दुसऱ्या घरी फिरतो आणि वाचणारा तिथे अभिप्राय लिहितो. तो परत येईपर्यंत संक्रांत उजाडते. मला पुढे छपाई आणि अक्षरजुळणी शिकायची आहे ती या अंकामुळेच.

रत्नागिरीची आजी

संपादिकाबाई, तुझं फार कौतुक वाटलं. अंक पाहायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

माझा नातू घरी शिकतो, आणि दिवाळीच्या आधी महिनाभर तो माझ्याकडे असतो. आमच्याकडे चतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी कारीट फोडतात आणि मग पोहे: दडपे, दुधातले, गुळातले. भात नुकता कापलेला असतो, त्यामुळे नव्या पोह्यांना वेगळीच चव. नातू कारीट स्वतः शोधून आणतो. कुंपणावर वेल कुठे आहे ते त्याने पावसातच हेरून ठेवलेलं असतं.

पण मला सांगायचंय ते अनारशांचं. सून नोकरी करते, तिला अनारसे घरी करायला सवड नाही, आणि शाळकरी मुलांना तर त्यातलं फक्त खाणं माहीत. या मुलाला सगळं माहीत आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. तो रोज सकाळी वास घेऊन बघतो आणि काल होता त्यापेक्षा आंबट आहे का ते सांगतो. मग उपसून पंचावर सावलीत पसरायचे. पुरते वाळू द्यायचे नाहीत, हाताला ओल लागली पाहिजे, तेव्हाच कुटायचे. पीठ चाळून किसलेला गूळ मिसळायचा, गोळे करून डब्यात घालायचे आणि आठवडाभर तरी हात लावायचा नाही. ही वाट बघणं त्याला सुरुवातीला जड जायचं. आता तोच धाकट्या बहिणीला डबा उघडू देत नाही.

तळताना खसखस वरच्या बाजूला. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने तूप वर उडवत राहायचं. गेल्या वर्षी पहिलाच अनारसा तुपात हसला, सगळा विरघळून पसरला. नातू म्हणाला, आजी, या वेळी गूळ मऊ होता, जास्त पडला असेल. थोडी तांदळाची पिठी मळून घातली आणि पुढचे जाळीदार निघाले. मी गप्पच बसले होते, त्याचं त्याने ओळखलं.

दहावीतल्या मुलाची आई, नाशिक

मोठ्या मुलांचे पालक इथे असतील तर एक कामाची गोष्ट सांगते. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मुलाने दुसरं सत्र घेतलं, आणि त्यामुळे शाळेतल्या मुलांची परीक्षा संपत आली तेव्हा त्याचे पेपर सुरू झाले. पेपरांच्या मधल्या दिवसांत दिवाळी. बाहेर फटाके, घरात इंग्रजीचं पुस्तक.

आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की यंदा आपली दिवाळी तुळशीच्या लग्नाला. कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लग्न लावता येतं, त्यामुळे दिवस निवडायला मोकळीक होती. लक्ष्मीपूजन साधेपणाने केलं. फराळ, पाहुणे, नवे कपडे, ओवाळणं सगळं लग्नाच्या दिवशी. मुलाने ऊस बांधून मांडव घातला, मंगलाष्टकं स्वतः म्हटली. चुलत भावंडांची शाळा सुरू झालेली असूनही ती संध्याकाळी आली. घरशाळेत तारखा आपल्याला सरकवता येतात, आणि त्याचा इतका उपयोग आम्हाला आधी कधीच झाला नव्हता. ज्यांना दिवाळी मोकळी हवी त्यांनी एप्रिल-मे घ्यावा, किंवा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरला तर मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. सत्र निवडताना कॅलेंडर जरूर समोर ठेवा.

दूरदेशीची ताई, टेक्सास

इथे घरशाळेला कुणाची परवानगी लागत नाही, सुट्ट्याही आपल्या आपण ठरवायच्या. बाकीची मराठी मंडळी दिवाळी शनिवारी करतात, कारण मुलांना शाळा असते. आम्ही तिथीला करतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आठला आम्ही फोन लावून बसतो, तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि सासूबाई पूजेला बसत असतात. मुलं इथून त्यांच्याबरोबर आरती म्हणतात. शाळेत असती तर त्या वेळी बसमध्ये असती.

त्याची भरपाई डिसेंबरमध्ये. सगळीकडे नाताळची सुट्टी असते तेव्हा आमचा अर्धा दिवस अभ्यास चालतो. पण शेजारच्या मुलांबरोबर कुकीज करायला आणि दिवे बघायला दुपारी सोडतोच. मुलांना दोन्ही सण आपले वाटतात आणि मला त्याचं समाधान आहे.

वसईची आई

आम्ही ख्रिस्ती आहोत, त्यामुळे आमचा मोठा सण डिसेंबरात. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लागते. गव्हाणीचा देखावा मुलं आगमनकाळातच बांधायला घेतात. त्यात बाळ येशू मात्र चोवीसच्या रात्रीच ठेवायचा. किल्लेवाले दादा, हळिवाची युक्ती गव्हाणीभोवतीच्या टेकडीला करून बघणार.

एक बाबा, नागपूर

सगळं वाचून आनंद झाला. माझी एकच विनंती आहे. दिवाळीतल्या प्रत्येक गोष्टीचा प्रकल्प करू नका. कंदील केला की लगेच त्याची नोंद, चकली केली की तिचं गणित, असं व्हायला लागलं की मुलं सणाकडे संशयाने बघतात. आमच्याकडे धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत वही कपाटात. मुलीने आपणहून विचारलं तर सांगतो, भरभरून सांगतो. भाजणीत मोहन कमी पडलं की चकली कडक होते आणि जास्त झालं की तेलात तुटते, हे तिला आजीशेजारी सोऱ्या धरून बसल्यावर कळलं. कागदावर उतरवायची गरज मला वाटत नाही.

धागाकर्ती, पुणे

नागपूरचे दादा, बरंचसं पटलं. माझ्या मुलींची चंद्राची वही मात्र मी कपाटात ठेवणार नाही, कारण ती त्यांनी स्वतः सुरू केली आणि मी ती तपासतही नाही. वही कुणाची आहे, यावर बरंच अवलंबून आहे असं मला वाटतं.

आजी, अनारशाचं पीठ या वर्षी आम्हीही घालणार. आणि संपादिके, तू लिहिलंस तर चालेल काय, अजून लिही.

पाहुण्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून विचारते. फराळाला आलेले काका-मामा प्रेमापोटीच विचारतात, पाढे किती येतात, कितवीत आहेस, शाळेत कधी जाणार. धाकटी अशा वेळी माझ्यामागे लपते. मी आता तिला आधीच एक काम देऊन ठेवते. पाहुणे आले की त्यांना गच्चीवर न्यायचं आणि चंद्राची वही दाखवायची. गेल्या भाऊबीजेला माझा मामेभाऊ तिच्याबरोबर वर गेला आणि चहा निवून गेला तरी खाली आला नाही. तुमच्याकडे यावर काय उपाय आहे? विशेषतः मुलगा तेरा-चौदाचा असेल आणि बोलायलाच तयार नसेल, तर?