कबाला म्हणजे नुसता लाल दोरा नाही

कबाला ही ज्यू धर्मातली गूढ आध्यात्मिक परंपरा. ती म्हणजे मनगटाला लाल दोरा आणि अक्षरांच्या आकड्यांवरून भविष्य, असं एका चर्चेत आलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. झोहर हा कबालाचा मुख्य ग्रंथ १३व्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये पुढे आला हे ठीक, पण मला भिडतं ते त्यानंतरचं. १४९२ला स्पेनमधून ज्यूंना हाकललं, त्यातली काही घराणी फिरत फिरत गॅलिलीच्या (आजच्या उत्तर इस्रायलमधल्या) डोंगरातल्या साफेद गावाला येऊन राहिली आणि तिथे १५७०च्या सुमारास कबालाचा गुरू आयझॅक लुरिया आला. जेमतेम दोन-अडीच वर्षं होता, १५७२च्या साथीत ऐन तिशीत गेला, स्वतः फारसं काही लिहिलंच नाही, जे आहे ते मुख्यतः शिष्य हाईम विटालने लिहून ठेवलेलं. लुरियाचं म्हणणं असं की विश्वाला जागा व्हावी म्हणून देव आधी स्वतः आक्रसला, मग ज्या पात्रांत त्याचा प्रकाश आला ती फुटली, ठिणग्या सगळीकडे विखुरल्या, आता त्या गोळा करून वर पोचवणं हे माणसाचं काम, अगदी जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा त्यात आली. घरदार तुटलेल्या लोकांना हे किती जवळचं वाटलं असेल! (कबालाचा अभ्यासक गेरशोम शोलेमने हाच धागा मांडलाय, नंतर दुसरा अभ्यासक मोशे इडेलने त्यावर आक्षेप घेतले, तरी मला शोलेम पटतो.) आणि हे सगळं रोजच्या जगण्यात होतं, शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी शेतात जाऊन शब्बाथचं (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं) नवरीसारखं स्वागत करायची, मध्यरात्री उठून जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराचा शोक करायची. आज जगभरच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळांत) शुक्रवारी म्हणतात ते 'लेखा दोदी' हे गीत साफेदच्याच श्लोमो अल्काबेत्झचं आहे.