वॉरंटी संपत आली आणि लॅपटॉप कुरकुरतोय? जाणकारांनो, इथे लिहा

लॅपटॉपला वॉरंटी बहुधा एका वर्षाची आणि बिघाडाला मुहूर्त मिळतो अकराव्या महिन्यात. 'चालतंय तोवर चालवू' म्हणता म्हणता तारीख उलटते आणि मग मदरबोर्डचं बिल आपल्या बोकांडी बसतं. सर्व्हिस सेंटरमधले, रिपेअरिंगवाले, ऑफिसातले आयटीवाले, ग्राहक तक्रारींची कामं करणारे असे बरेच जण इथे वावरतात. कंपनी किती वाईट यावर चर्चा नको. दुसऱ्याला जसंच्या तसं करता येईल असं लिहा.

काउंटरपलीकडचा

आधी तारीख बघा, आणि ती कंपनीच्या संकेतस्थळावर सिरीयल नंबर टाकून बघा. नंबर तळाच्या स्टिकरवर असतो. स्टिकर घासला असेल तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) आणि खोक्यावर मिळतो. बिलाची नोंद झालेली नसेल तर बऱ्याच कंपन्या माल कारखान्यातून निघाला त्या तारखेपासून वॉरंटी मोजतात. दुकानात चार महिने पडून असलेला लॅपटॉप घेतला असेल तर हे चार महिने तुमच्या खात्यातून वजा. बिल अपलोड केलं की तारीख दुरुस्त होते, पण त्यात काही दिवस जातात. म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

वॉरंटीत बसायला तक्रार मुदतीत नोंदवलेली असावी लागते, दुरुस्ती मुदतीत पूर्ण व्हायलाच हवी असं नाही. पार्ट यायला तीन आठवडे लागले तरी तो कंपनीचा प्रश्न. पण 'फोन केला होता' ही नोंद नव्हे. केस नंबर एसएमएसने किंवा ईमेलने आला पाहिजे. फोन लागत नसेल तर सपोर्टला ईमेल टाका: सिरीयल नंबर, बिल, लक्षण, व्हिडिओ. ईमेलवरची तारीख पुढे कामाला येते.

आणखी एक. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची बहुतेक वेळा एकच वर्ष असते. बॅटरीची तक्रार बाराव्या महिन्याच्या आत करून टाका.

सोल्डरबाबा

सेंटरमध्ये सगळ्यात जास्त केसेस 'नो फॉल्ट फाउंड' या शेऱ्याने परत जातात. इंजिनीअरने मशीन लावलं, दहा मिनिटं नीट चाललं, विषय संपला. त्यामुळे बिघाड पुन्हा करून दाखवता येईल अशा अवस्थेत मशीन द्यायचं आणि हार्डवेअरचं टेस्ट रिझल्ट सोबत ठेवायचं.

टेस्ट विंडोजच्या बाहेरून करा, म्हणजे 'फॉरमॅट मारून बघा' हे उत्तर मिळत नाही. डेलमध्ये चालू करताना एफ१२ आणि मग डायग्नोस्टिक्स. एचपीमध्ये एस्केप दाबत राहून एफ२. नव्या थिंकपॅडवर एफ१०. एम सिरीजच्या मॅकमध्ये पॉवर बटण दाबून धरा, पर्याय दिसले की कमांड आणि डी. मोठी टेस्ट निवडा, छोटीत मेमरीचे बारीक दोष सुटतात. फेल झाली की पडद्यावर कोड येतो. त्याचा फोटो घ्या. हा कोड तक्रारीत टाकला की फोनवरची 'रीस्टार्ट करा, अपडेट करा' ही वारी बरीचशी टळते.

पडद्यावर रेषा येत असतील तर रेषा दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाईलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्ये रेषा नाहीत म्हणजे दोष पॅनेलचा किंवा त्याच्या केबलचा. मग एचडीएमआयने टीव्हीला जोडा. टीव्हीवरही रेषा आल्या तर ग्राफिक्स, म्हणजे बहुतेक मशीनमध्ये मदरबोर्ड. झाकण पुढे-मागे करताना रेषा येत-जात असतील तर केबल बिजागरीपाशी दुखावलेली आहे. तो कोन व्हिडिओत दाखवा. डेलवाल्यांना आणखी सोपं: डी दाबून धरून पॉवर चालू केलं की पडदा एकेक रंग भरून दाखवतो. व्हिडिओ कुठलाही असो, सुरुवात सिरीयल नंबरच्या स्टिकरपासून करायची आणि मध्ये कट न मारता बिघाडापर्यंत यायचं.

बॅटरीसाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा सोडून स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाइप करा. अहवालात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे बघा. पहिला ५०,००० आणि दुसरा २९,००० असेल तर ५८ टक्के उरली. नुसत्या या आकड्यावर कंपनी 'नैसर्गिक झीज' म्हणून हात झटकू शकते. त्यासोबत डायग्नोस्टिक्सचं 'फेल' किंवा ४० टक्क्यांवर मशीन एकदम बंद पडल्याचा व्हिडिओ जोडा, मग नाही म्हणणं अवघड जातं.

अधूनमधून विंडोज कोसळून निळा पडदा येत असेल तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाकून रात्रभर चालवा. एक लाल ओळ आली तरी रॅम किंवा तिचा स्लॉट बदलण्याचं कारण पुरेसं.

तळकोकणी

सोल्डरबाबांच्या लिखाणात बिजागरी राहिली. स्वस्त मॉडेलमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत जातात. बिजागरी कडक झाली की झाकण उघडताना सगळा जोर त्या प्लॅस्टिकवर येतो, नट उपटून निघतात आणि कोपऱ्यात कवच फाकतं. या टप्प्यावर सेंटरवाला 'सीआयडी' म्हणतो, म्हणजे ग्राहकाकडून झालेलं नुकसान, आणि वॉरंटी तिथेच संपते. कवच अखंड असताना, नुसतं करकरायला लागलं किंवा नखभर फट दिसली की तक्रार करा. ओरखडा नाही, पोचा नाही, हे दाखवणारे चारही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा.

समुद्राकाठी आणि पावसाळ्यात बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढते. तिलाही 'लिक्विड डॅमेज' म्हणतात. वाद घालता येतो, पण जिंकणं कठीण. सेंटरने नाकारलं तर गंज नेमका कुठे आहे त्याचा फोटो मागा. कीबोर्डखाली असेल तर चहा सांडल्याचा संशय घेतात. फक्त पोर्टांच्या तोंडाशी असेल तर हवेतल्या ओलाव्याचा मुद्दा निदान मांडता तरी येतो.

आयटीवाली

मशीन देण्याआधी बॅकअप. जॉबशीटवर, म्हणजे मशीन घेताना सेंटर देतं त्या तक्रारीच्या कागदावर, 'डेटाची जबाबदारी आमची नाही' ही ओळ छापलेलीच असते.

त्याहून महत्त्वाची बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलं की एन्क्रिप्शन बहुधा आपोआप सुरू होतं, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मदरबोर्ड बदलला की त्यावरची, या कुलपाची किल्ली जपणारी टीपीएम चिप बदलते आणि मशीन ४८ अंकी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठलेली असते. आधीच कागदावर उतरवा. की नसेल तर डिस्क धडधाकट असूनही फाइली गेल्या. मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावरच असतं, तिथे बोर्ड बदलला म्हणजे डेटा गेलाच समजा.

पासवर्ड देऊ नका, तपासणीसाठी वेगळं लोकल खातं काढून द्या. रॅम स्वतः वाढवली असेल तर मूळची पट्टी परत लावून द्या, म्हणजे 'बाहेरच्या रॅममुळे' हा मुद्दाच उरत नाही.

परत घेताना काउंटरवरच बायॉस उघडा. नव्या बोर्डात सिरीयल नंबर भरावा लागतो. ती जागा रिकामी राहिली तर पुढच्या वेळी वॉरंटी सापडत नाही. विंडोज अ‍ॅक्टिव्हेटेड आहे का, रॅम तेवढीच आहे का, प्रत्येक पोर्ट, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर बघा. वायफाय राउटरपासून लांब जाऊन तपासा: उघडलेल्या मशीनमध्ये अँटेनाची तार नीट बसवायची राहून जाते, राउटरजवळ ते कळत नाही.

परतोनिया

अमेरिकेतून किंवा दुबईहून आणलेल्या लॅपटॉपबद्दल. आंतरराष्ट्रीय वॉरंटी ब्रँडवर नाही, मॉडेलवर ठरते. काही कंपन्यांत नोंद भारतात हलवण्याचा अर्ज आधी करावा लागतो. तो बिघाड होण्यापूर्वीच करून ठेवा. वॉरंटी लागू झाली तरी इथे विकलं न गेलेलं मॉडेल असेल तर पार्ट यायला वेळ लागतो, आणि कीबोर्ड तिकडच्या मांडणीचा मिळेलच असं नाही.

ग्राहकराजा

बदलून मिळण्याबद्दल. कंपनी आधी दुरुस्तीच करणार, तसं वॉरंटीच्या अटींत लिहिलेलं असतं. बदली मागायची तर एकच दोष पुन्हा पुन्हा आल्याचं कागदावर दिसलं पाहिजे. इथेच गाडी अडते, कारण पहिल्या जॉबशीटवर 'हँग होतो', दुसऱ्यावर 'स्लो', तिसऱ्यावर 'ओएस इश्यू' असं लिहिलेलं असतं. प्रत्येक वेळी तेच वाक्य लिहायला लावा: 'चार्जिंग चालू असताना पडदा काळा होतो, यापूर्वी अमुक जॉबशीटवर हीच तक्रार.' सोबत बाह्य स्थिती आणि अ‍ॅडॅप्टरचा नंबर. कोणता पार्ट बदलला हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

त्यानंतरच्या पायऱ्या. ऑनलाइन घेतला असेल तर विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण अपेक्षित आहे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ते हुकूम काढू शकत नाहीत, तक्रार कंपनीकडे पोचवतात. पण ती कॉल सेंटरच्या वरच्या टेबलावर जाते आणि कैकदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येतं, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. उत्पादक, विक्रेता आणि सेंटर, तिघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात. कायद्यात निकालाला ३ महिने, वस्तू तपासायची असेल तर ५ महिने दिलेत. प्रत्यक्षात जास्त धरून चाला.

बिल कंपनीच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह असेल तर समोरचा वकील 'हा ग्राहकच नाही' म्हणणार. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर सूट आहे, पण ते पहिल्याच तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं.

बदलून मिळालेल्या मशीनला सहसा नवी वॉरंटी मिळत नाही, जुनीचे उरलेले दिवस मिळतात. बदललेल्या पार्टला काही कंपन्या ९० दिवस किंवा उरलेली मुदत, यातलं जे जास्त असेल ते देतात. वॉरंटीचा आठवडाच उरला असेल तर हे लेखी मागून घ्या.

सोल्डरबाबा

फुगलेल्या बॅटरीचं कोणी लिहिलं नाही. टचपॅड वर आलं, क्लिक होईना, किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला तर चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवू नका. फोटो बाजूने, पट्टी टेकवून. असं मशीन कुरिअरने पाठवू नका, खराब लिथियम बॅटरी विमानाने न्यायला बंदी आहे; सेंटरला आधी कळवून हाताने नेऊन द्या किंवा ऑन-साइट इंजिनीअर मागा. आणि बॅटरी बदलून देताना टचपॅड वाकलं असेल तर तेही त्याच केसमध्ये लिहून घ्या, नंतर वेगळं मागितलं की सीआयडी होतं.