ब्राझीलच्या कायद्याने बालहत्येच्या आरोपी स्त्रीला अब्रूसाठी दिलेली सूट ही दया होती का?

धागालेखिका :
ब्राझीलच्या १८३० च्या फौजदारी संहितेत नवजात अर्भकाच्या हत्येला ३ ते १२ वर्षे कैद होती. मात्र आईने स्वतःची बेअब्रू झाकण्यासाठी ती केली असेल, तर १ ते ३ वर्षे सक्तमजुरी. ही तरतूद करुणेतून आली, असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. सूट आईच्या हालांना नव्हती, तिच्या अब्रूला होती, आणि ती अब्रू आधी शाबीत व्हावी लागे. जिला अगोदरच अनौरस मूल आहे किंवा जिच्या वागण्याविषयी शेजारी वेडेवाकडे बोलतात, तिच्याकडे झाकण्याजोगे उरलेच काय, असा प्रश्न तिच्याविरुद्ध सहज उभा राही. गुलाम स्त्रीची तर गोष्टच नको. गुलाम स्त्रीच्या मुलांना जन्मतः मुक्त ठरवणाऱ्या १८७१ च्या कायद्यापर्यंत तिच्या पोटचे मूल मालकाच्या मालमत्तेत मोजले जाई. तिला अब्रू असते हे मानणार कोण?

प्रतिसाद १ :
आपण हेतू तपासता आहात, मी परिणाम पाहतो. परक्या घरी राहून चाकरी करणारी एखादी मुलगी स्वयंपाकघरामागच्या खोलीत, तोंडात कापड कोंबून, एकटीच बाळंत होते, कारण दिवस गेल्याचे कळले तर काम आणि छप्पर दोन्ही एका दिवसात जाणार असते. ही सूट नसती, तर तिला इतर कोणाही मारेकऱ्यासारखी ३ ते १२ वर्षांची कैद झाली असती. शिवाय पुरावा किती कच्चा असे ते पाहा. अर्भकाची फुप्फुसे पाण्यात टाकत आणि ती तरंगली, तर बाळ श्वास घेऊन मेले असे मानत. पण कुजताना तयार होणाऱ्या वायूनेही फुप्फुस तरंगते. अशा पुराव्यावर कोणी जन्माची आयुष्यातून उठण्यापेक्षा दांभिक कारणाने मिळालेली सूटही मी मोलाची मानतो.

धागालेखिका :
शिक्षेतला फरक मी नाकारत नाही. माझा आक्षेप त्या सूटीच्या किमतीला आहे. गरोदरपण कोणाला न सांगणे, सुईणीला न बोलावणे, बाळंत्याचे कपडे न शिवणे, हे सारे एकीकडे हत्येचा बेत आधीच ठरला होता याची खूण ठरे आणि दुसरीकडे अब्रूची चाड असल्याची. ती आधी बोलली असती, तर बेअब्रू जगजाहीर होऊन सूट गेली असती. गप्प राहिली, म्हणून बेत अंगाला चिकटला. आणि ज्या पुरुषामुळे दिवस गेले, त्याच्याविषयी या कलमात अवाक्षर नाही. प्रजासत्ताकाच्या १८९० च्या संहितेने तर आईची शिक्षा ३ ते ९ वर्षांवर नेली, पण अट तीच ठेवली.

प्रतिसाद २ :
मला दोघांशीही थोडे भांडायचे आहे. अब्रू ही वरून लादलेली गोष्ट होती आणि गरीब स्त्रिया तिच्याखाली नुसत्या चिरडल्या गेल्या, हे चित्र अपुरे आहे. ज्या स्त्रीजवळ जमीन नाही, हुंडा नाही, तिची पत हीच तिची मिळकत होती; तिच्यावर काम मिळे, लग्न जुळे. १९१६ च्या दिवाणी संहितेने तर वधू कुमारिका नव्हती या कारणावरून विवाह रद्द करवून घेण्याचा हक्क नवऱ्याला दिला. अशा समाजात अब्रू जपणारी स्त्री भोळी नव्हती, हिशेबी होती.

आता पर्यायाचे पाहू. साल्वादोरमध्ये १७२६ पासून आणि रिओत १७३८ पासून मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत फिरते लाकडी नळकांडे होते. बाहेरून मूल ठेवून ते फिरवले की आतल्यांना ठेवणाऱ्याचा चेहरा दिसत नसे. शहरातल्या स्त्रीला ही वाट होती, दूरच्या मळ्यावरच्या स्त्रीला नव्हती.

धागालेखिका :
हिशेबाचा मुद्दा मी मान्य करते, आणि त्यामुळेच १९४० च्या संहितेविषयी मला अधिक वाईट वाटते. कलम १२३ मधून अब्रू गेली आणि तिच्या जागी प्रसूतीच्या प्रभावाखालील अवस्था आली; शिक्षा २ ते ६ वर्षे. आता त्या स्त्रीला कारणच उरले नाही, उरले ते फक्त बिघडलेले शरीर, आणि त्याविषयी बोलणार डॉक्टर. अब्रू मात्र त्याच संहितेच्या कलम १३४ मध्ये जाऊन बसली : स्वतःची बेअब्रू झाकण्यासाठी नवजात मूल टाकून देणे, ६ महिने ते २ वर्षे.

प्रतिसाद १ :
तरीही कलम १२३ खाली उभ्या राहिलेल्या स्त्रीला तिचे चारित्र्य विचारण्याचे कायदेशीर कारण राहिले नाही. माझ्या लेखी ही सुधारणाच आहे.