वांगे दरसाली मरते, फेरपालट केली तरी! वाडीचं नियोजन कसं करू?

वाडीवाली_वर्धा
नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटानं गावालगतचं 12 गुंठे वावर मक्त्यानं घेतलं, सहा जणी आहो, एकीच्या वाट्याला 2 गुंठे, विहिरीचं पाणी एकाच दांडानं सगळ्यांकडे फिरते. मी तीन वर्षांपासून वांगे लावते कारण बाजारात वांगे पडून राहत नाही. पहिल्या वर्षी तोडून तोडून हात दुखले, दुसऱ्या वर्षी अर्धे निघाले अन् यंदा फुलावर आलेली झाडं सकाळी टवटवीत, दुपारी मान टाकून, आठ दिवसात हिरवीच्या हिरवी वाळली. फेरपालट करा म्हणाले म्हणून अर्ध्या तुकड्यात टमाटर लावले तर तेही गेले. मंग फेरपालट म्हणजे करायचं तरी काय? घरी खायला अन् थोडं विकायला भेंडी, मिरची, बरबटी (चवळी), कोहळं, सांबार (कोथिंबीर) सगळंच पाहिजे. शेजारी दुसऱ्याची पराटी (कपाशी) आहे.

धुऱ्यावरचा
शेणखत कमी पडलं असन ताई, ट्रॉलीभर टाका ना बाप्पा. आमच्या आजानं उभ्या जन्मात एकाच जागी वांगे लावले, काही झालं नाही.

काळीमाती_यवतमाळ
भाऊ, आजाचे वांगे परसातले चार झाडं असतील, इथं 2 गुंठे भरून आहे.

ताई, राग नका मानू पण तुम्ही फेरपालट केलीच नाही, वांग्याच्या जागी त्याचा सख्खा भाऊ आणून बसवला. वांगे, टमाटर, मिरची, आलू सगळे एकाच खानदानातले, धुऱ्यावरचा धोतरा अन् रिंगणीसुद्धा. मरीचा रोग मातीत राहते, त्याला यातलं कोणीही चालते. पीक बदललं, खानदान नाही बदललं.

आधी मरणारं झाड उपटून मुळं पहा, गाठीगाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्याला न दिसणारे बारीक किडे. नसल्या तर बुडाची वीतभर काडी कापा, काचेच्या ग्लासात साधं पाणी घ्या अन् कापलेलं टोक बुडेल अशी धरून ठेवा, पाचेक मिनिटात दुधासारखे पांढरे धागे खाली सुटले की जिवाणूची मर समजा. धागे नाही, पानं आधी पिवळी पडलेली अन् काडी उभी चिरल्यावर आत तपकिरी रेघ, तर बुरशीची, तिथं शेणखतात मुरवलेलं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी) कामी येते. जिवाणूवाल्याला मात्र दुकानदार जे देईल त्यात पैसे घालू नका, निदान तीन वर्षं त्या तुकड्यात या खानदानातलं काहीच लावू नका, ते तणसुद्धा उपटा.

अन् भेंडी पराटीची बहीण हाय हे कोणी सांगत नाही. अंबाडी, जासवंदही त्यातलेच. पराटीच्या शेंड्यात शिरणारी ठिपक्याची बोंडअळी भेंडीही पोखरते, म्हणून भेंडी पराटीपासून दूरच्या तुकड्यात अन् जमलं तर उन्हाळ्यात घ्या, तेव्हा पराटी उभी नसते (फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही जुनीच पराटी पुढे उभी ठेवणारे शेजारी असतील तर देवच राखो).

आता खरी गोष्ट. 2 गुंठ्यात एकटीनं फेरपालट बसत नाही, अन् पाणी एकच असल्यावर वरच्या वाफ्यातली मर खालच्या वाफ्यात जाते, खुरप्याला अन् पायाला लागलेल्या मातीनंही जाते. सहा जणींनी 12 गुंठे एकच वावर समजा. दोन तुकडे वांगे-टमाटर-मिरची, एक तुकडा बरबटी-गवार, एक कोहळं-दोडके, एक कांदा-लसूण-पालेभाजी, एक भेंडी, अन् दरसाली सरकवा, रोगट तुकड्याची ती तीन वर्षं सांभाळून. भाजी वाटून घ्या. रोगट तुकड्याला पाणी सगळ्यात शेवटी. मुळावर गाठी निघाल्या तर मात्र त्या तुकड्यात भेंडी अन् वेलवर्गीयही नको, त्यांनाही सूत्रकृमी धरते, तिथं कांदा-लसूण नाहीतर भरगच्च झेंडू.

धानपट्टा_भंडारा
आमच्याकडे धान निघाल्यावर बांधीत भाजी लावतो, पावसाळाभर पाणी साचून राहते त्यात सूत्रकृमी बरीच मरते. तुमच्याकडे ते जमणार नाही पण मे महिन्यातलं ऊन तर आहे! रोपाचा वाफा ओलवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक कडा मातीनं दाबून 4 ते 6 आठवडे ठेवा. काळं नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. पूर्ण वावरावर परवडत नाही, रोपाच्या वाफ्यापुरतं करा, निदान रोप तरी निरोगी निघते.

वाडीवाली_वर्धा
ग्लास करून पाहिला. धागे निघाले, दोन मिनिटातच. सासूबाई म्हणे हे काय दूध काढून राहिली काडीतून. मुळावर गाठी नाहीत.

पण गटात दोघी ऐकत नाहीत, त्यांच्या तुकड्यात अजून काही मेलं नाही, त्या म्हणतात तुझा रोग तुझ्यापाशी ठेव. अन् माझा तुकडा नेमका विहिरीजवळ, दांडाच्या तोंडाशी, पाणी आधी माझ्याकडूनच जाते.

काळीमाती_यवतमाळ
मंग तर त्या दोघींनीच आधी घाबरायला पाहिजे. तुमच्या वाफ्याला बगल देऊन नवा दांड काढा, दोन माणसांचं एका दिवसाचं काम. मेलेली झाडं मुळासकट उपटून वावराबाहेर नेऊन जाळा, खतात नका टाकू. अन् मीटिंगला ग्लास घेऊन जा, त्यांच्यासमोर काडी बुडवा.

वाडीवाली_वर्धा
सोमवारी मीटिंग आहे, ग्लास नेते. एकीनं त्याच मातीत मिरचीचं रोप टाकून ठेवलं, बोटभर झालं, ते फेकायचं का?

काळीमाती_यवतमाळ
त्या मातीतलं असलं तर हो. दुसऱ्या वाफ्यात लावाल तर रोग हातानं नेऊन द्याल.