हेल्मेटसक्ती: दंडाच्या भीतीने चांगली सवय लागते का?

मूळ लेख (पुणे)

पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा चौकाचौकांत दिसणारे दृश्य मी अजून विसरलेलो नाही. सिग्नलच्या थोडे अलीकडे दुचाकीस्वार गाडी कडेला घेत, कोपराला अडकवलेले हेल्मेट डोक्यावर चढवत आणि पोलीस मागे पडताच ते पुन्हा उतरवत. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती लागू झाली. विनाहेल्मेट प्रवासाचा केंद्रीय कायद्यातील दंड १०० रुपयांवरून १,००० रुपयांवर गेला आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवण्याची तरतूदही आली. तरीही रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते.

दंडाची भीती माणसाला पोलिसांपासून सावध राहायला शिकवते, अपघातापासून नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला स्वतःचे डोके फुटण्याची भीती वाटत नाही, तो हजार रुपयांच्या भीतीने कायमचा सुधारेल हे मला पटत नाही.

प्रतिसाद (मुंबई)

आपल्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. मरण प्रत्येकाला दूरचे आणि दुसऱ्याचे वाटते. पावती मात्र आजची आणि स्वतःची असते, म्हणूनच तिचा धाक जास्त असतो. मुंबईत २००७ पासून वाहतूक पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध रात्रीच्या नाकाबंदीत श्वासतपासणीची मोहीम उघडली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या कित्येकांना ती निव्वळ छळ वाटली होती. परवाने निलंबित होऊ लागले, प्रकरणे न्यायालयात जाऊ लागली आणि समारंभाला निघताना ‘आज गाडी कोण चालवणार?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. आज माझा मुलगा हा प्रश्न पोलिसांची आठवणही न काढता विचारतो. सुरुवात धाकानेच झाली होती, हे आपण का नाकारावे?

प्रतिसाद (सातारा, निवृत्त शिक्षिका)

मुंबईचे उदाहरण खरे असले तरी त्यावरून सरसकट नियम काढता येणार नाही. इस्राएलमधील हैफा शहरात काही पाळणाघरांमध्ये झालेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना तेथे दंड लावण्यात आला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि दंड रद्द केल्यावरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. बाई आपल्यासाठी खोळंबून राहतात याची पालकांना आधी जी भीड वाटत होती, ती पैसे भरल्यावर उरली नाही. दंड ही जणू जादा वेळेची फी झाली.

वर्गातही मी हेच अनुभवले आहे. छडीच्या काळात माझी पाठ फिरेपर्यंतच शांतता असे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, तेव्हा आता वर्ग कसा आवरायचा ही चिंता मलाही होती. मुलांशी बोलून नियम ठरवायला वेळ फार लागला, परंतु ते नियम मी वर्गात नसतानाही पाळले गेले.

प्रतिसाद (नागपूर, वकील)

बाईंनी दिलेल्या प्रयोगातील दंड अवघा दहा शेकेलचा होता आणि तो भरला की विषय संपत होता. परवाना जाण्याची टांगती तलवार असती, तर निष्कर्ष कदाचित वेगळा निघाला असता. इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्येच म्हटले होते की गुन्ह्याला आवर घालते ती शिक्षेची क्रूरता नव्हे, तर तिची अटळता. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. दंडाचे आकडे वाढवले, पण ई-चलन महिनोन्महिने थकते आणि लोकअदालतीत तडजोडीने रक्कम कमी होईल म्हणून लोक निवांत वाट पाहतात. जी भीती आपण नीट निर्माणच केलेली नाही, तिला अपयशी ठरवणे घाईचे आहे.

प्रतिसाद (कोल्हापूर, अपघात विभागातील परिचारिका)

हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. एखाद्याने ते भीतीपोटी घातले की समजून उमजून, याने आघाताच्या क्षणी फरक पडत नाही, म्हणून सक्तीला माझा पाठिंबाच आहे. परंतु आमच्याकडे आणलेल्या रुग्णांबरोबरचे नातेवाईक अनेकदा सांगतात की हेल्मेट होते, पण पडताना निघून गेले, कारण हनुवटीखालचा पट्टा लावलेलाच नव्हता. पावती टाळण्यासाठी नुसते डोके झाकलेले पुरते. पट्टा लावायला मात्र तो कशासाठी आहे हे कळावे लागते.

मूळ लेखकाचे उत्तर

वकील महोदयांचा अटळतेचा मुद्दा मला मान्य आहे आणि मुंबईच्या अनुभवाला माझ्याजवळ उत्तर नाही. मात्र पट्ट्याविषयी परिचारिका ताईंनी जे लिहिले आहे, तेच मला लेखात म्हणायचे होते आणि नीट मांडता आले नव्हते. आणखी एक गोष्ट राहिली. कौटिल्याने म्हटले आहे की कठोर दंडाने प्रजा बिथरते, सौम्य दंडाने राजाची अवज्ञा होते आणि यथायोग्य दंड देणारा राजा पूज्य ठरतो. आमच्या चौकात विनाहेल्मेट जाणारा पोलीस कर्मचारी अडवला जात नाही, नगरसेवकाचा कार्यकर्ता फोन लावून सुटतो आणि भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या मावशींच्या हातात पावती पडते. त्या मावशी उद्या हेल्मेट घालतीलही, पण कायद्याविषयी त्यांच्या मनात त्या दिवशी जे बसले, ते कोणत्या दंडाने पुसले जाणार आहे?